मामाच्या मांडीचा पट्टा

आमच्याकडे लग्नात मामाला दोन कामं असतात. नवरीला उचलून मंडपात आणायचं, आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागे उभं राहून आपण फार महत्त्वाचे आहोत असा चेहरा करायचा. दुसरं काम मी झोपेतही करू शकतो. प्रश्न पहिल्याचा होता.

मोठ्या भाचीच्या लग्नात मी ते केलं होतं. तेव्हा मी चाळिशीत नुकताच शिरलो होतो, पँटचा पट्टा कमरेवर बसत होता, आणि मोठी अशी काडीसारखी की शालूच्या आत ती आहे की नाही हे चाचपून बघावं. उचललं, नेलं, ठेवलं. तो फोटो तिच्या अल्बमात पहिल्याच पानावर आहे. धाकटी तेव्हा शाळेत होती. ताईचा जुना पंजाबी ड्रेस घालून ती माझ्या बाजूने पळत होती. मोठीला बोहल्यावर ठेवून मी घाम पुसला, तर ही समोर उभी.

"मामा, मले बी असंच नेशीन ना?"

मी म्हटलं, "हाव." मांडवात माणूस कशालाही हाव म्हणतो.

(माझ्या दोन्ही भाच्या मला अरे-तुरे करतात. लहानपणी लाडात सूट दिली, ती परत घ्यायची राहून गेली.)

मधल्या काळात धाकटीने शाळेतर्फे गोळाफेक केली, नागपूरला जाऊन फिजिओथेरपी शिकली आणि लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करू लागली. धाकटी जाड नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ती हे वाचणार आहे. ती भरीव आहे. आणि मी या काळात काय केलं? शाळेच्या ऑफिसात क्लार्कच्या खुर्चीवर बसलो. मस्टर खालच्या मजल्यावर असतं आणि माझं टेबल वरच्या, तर वर पोचल्यावर मी खिडकीपाशी उभा राहून जरा निसर्ग बघतो. खिडकीतून सायकल स्टँड दिसतो. पण दम लागलाय असं दिसण्यापेक्षा निसर्गाची आवड आहे असं दिसलेलं बरं.

लग्न मे महिन्यात, शेगावला, असं ठरलं. मलकापूरला अक्काच्या घरी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी, बैठक झाली. हॉल, जेवण, घोडा, सगळं मार्गी लागलं आणि मग अक्काने माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे. म्हणाली, नवरीला उचलायचं काम संग्रामपूरच्या भावाला द्यावं काय? हा आमचा चुलतभाऊ. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि युरियाच्या बॅगा तो हमालाची वाट न पाहता स्वतःच उतरवतो. स्वभावाने गरीब. त्याला बिचाऱ्याला स्वतःच्या खांद्यांची लाज वाटते. तो म्हणाला, दादा म्हणेल तसं. माझी बायको म्हणाली, दादा काय म्हणतील, दादांना कालच उशी उचलताना चमक भरली.

सगळे हसले. मीही हसलो. धाकटी हसली नाही. नंतर मागच्या अंगणात ती मला म्हणाली, "ताईची सायकल मले. ताईचे पुस्तकं मले. ताईचा स्वेटर मले, तो बी कोपरात रफू केलेला. एक गोष्ट फक्त नवी पाह्यजे होती, मामा. तू म्हणाला होता."

माणसाला मामा म्हणून जन्मभर मान मिळतो तो या एका कामाच्या बदल्यात. शिवाय संग्रामपूरच्या मामाने उचललं असतं, तर तिच्या हिशेबाने तेही एका परीने उसनंच ठरलं असतं. मी म्हटलं, मी उचलतो. पोटाने विरोध केला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

धाकटीने मग मला पेशंट म्हणून ताब्यात घेतलं, दर रविवारी मलकापूरला बोलावून. आधी रक्तदाब, नाडी, साखर, सगळं तपासून घेतलं. साखर काठावर निघाली, ती आम्हाला माहीत होतीच. त्यापायी बायको मला वर्षभरापासून रोज सकाळी कारल्याचा रस पाजते. मग उठाबशा, मग भिंतीला पाठ लावून अधांतरी बसणं, मग गव्हाचा अर्धा कट्टा कवेत घेऊन अंगणात फेऱ्या. पोतं कसंही धरलं तरी चालतं, पण नवरी पोत्यासारखी धरता येत नाही. म्हणून ती मला तो कट्टा आडवा, दोन्ही हातांवर, अदबीने धरायला लावायची. शेजारचे लोक गच्चीवर येऊन बघायचे. गव्हाशी इतक्या प्रेमाने वागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

एका रविवारी तिने बॅगेतून एक काळा रुंद पट्टा काढला. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचा थोरला भाऊ. नळी, रबरी फुगा, घड्याळासारखी तबकडी. तो तिने माझ्या मांडीला गुंडाळला आणि फुगा दाबत सुटली. पाय दगडासारखा जड झाला, खालचा रंग उडाला. थोडा वेळ तसंच ठेवून तिने हवा सोडली, आणि पायात गरम पाण्याची बादली ओतावी तसं रक्त परत आलं. मग पुन्हा आवळलं, पुन्हा सोडलं. मग दुसरा पाय.

कॉलेजात तिने शेवटच्या वर्षाला हाच विषय घेतला होता. व्यायामाच्या आधी हातापायाचं रक्त थोडा थोडा वेळ अडवायचं आणि सोडायचं. मग माणूस जरा जास्त पळतो का, जास्त उचलतो का, ते बघायचं. मी विचारलं, असं का व्हावं? ती सांगू लागली तेव्हा त्यात इतके शब्द आले की मी तिला थांबवून माझ्या भाषेत लावून घेतलं. म्हणजे बघ, आपल्याकडे नळ येतो कधीतरी. ज्या घराने दोन-चार वेळा नळ गेल्याचा अनुभव घेतलाय, ते घर भांडी घासून तयार असतं, आणि पाणी आलं की थेंब वाया घालवत नाही. तशी मांडी शहाणी होते.

ती म्हणाली, तसंच नाही, पण तुझ्यासाठी चालून जाईल.

मग तिने खरं तेही सांगितलं. हे काही रामबाण नाही. कोणाला थोडा फायदा दिसतो, कोणाला काहीच नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांना नुसता सैल पट्टा बांधला पण सांगितलं की याने ताकद येते, तेही कधीकधी जास्त पळतात. म्हणून नेमकं श्रेय रक्ताला द्यायचं की डोक्याला, यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. "आणि हे मी समोर असल्याशिवाय करायचं नाही. चुकीचं आवळलं तर नस दबते, पाय कामातून जाते. समजलं का?"

समजलं, म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी गव्हाचा कट्टा घेऊन मी नेहमीपेक्षा एक फेरी जास्त मारली. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि पाणी दिलं. मी मात्र त्या दिवशी बनियनवर आरशासमोर उभा राहिलो.

घोळ इथे झाला. ती मलकापूरला, मी माझ्या गावी, वडनेर भोलजीला, आणि पट्टा तिच्याकडे. लग्नाला आठवडा राहिला. मला वाटलं, रोज एकेक फेरी वाढत गेली तर मी नवरीच काय, नवरदेवासकट घोडा उचलून नेईन. घरी सायकलची जुनी ट्यूब होती.

पहाटे शेताकडच्या रस्त्याने जाऊन नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, बसलो. आजूबाजूला वाळलेलं गवत, उजाडायला थोडा वेळ. ट्यूब गुडघ्याच्या वर गच्च बांधली, वेढ्यावर वेढे, शेवटी गाठ. तबकडी नव्हती, म्हणून किती आवळलं ते चेहऱ्यावरून ठरवलं. माझ्याच. पाय बधिर झाला. मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. सोडायला गेलो तर गाठ सुटेना. उन्हाळ्यात घामाने ओली झालेली रबराची गाठ सोडणं म्हणजे काय ते बांधणाऱ्यालाच कळतं. उभा राहायला गेलो आणि रस्त्यात बसलो.

तेवढ्यात गावचा दूधवाला मोटरसायकलवर आला, मागे त्याचा साला, दोन्ही बाजूंना कॅन. त्याने काय पाहिलं? गवताच्या कडेला पडलेला माणूस, गुडघ्यावर बांधलेला पाय, घामाने डबडबलेला चेहरा. आमच्याकडे हे चित्र लहान पोरालाही वाचता येतं.

"भाऊ, पान लागलं?"

आमच्या भागात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी म्हटलं, नाही रे, व्यायाम करत होतो. त्याने साल्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "जहर डोक्यात चढून राह्यलं."

दोघांनी कॅन उतरवून रपट्यावर ठेवले. मी ओरडून सांगत होतो की भाचीच्या लग्नासाठी रक्त अडवून राह्यलो, आणि जितकं सांगावं तितकं त्यांचं काम वेगाने होत होतं. साल्याने कडुलिंबाचा डगळा ओढून मूठभर पाला माझ्या तोंडात कोंबला. कडू लागला तर जहर नाही, गोड लागला तर गेला माणूस, अशी त्यांची तपासणी.

"कडू लागते का?"

इथे मी खरं बोललो, आणि फसलो. वर्षभर रोज कारल्याचा रस प्यालेल्या माणसाला कडुलिंब म्हणजे बडीशेप. तोंडात पाला धरूनच म्हटलं, "एवढा काही नाही."

दोघांचे चेहरे पडले. पुढच्या क्षणी मी मोटरसायकलवर, पुढे दूधवाला, मागे साला. साप चावलेल्याला झोपू देत नाहीत, हे साल्याला पक्कं ठाऊक होतं. मला झोप येत नव्हती, तरी तालुक्यापर्यंत त्याने माझ्या गालावर नियमाने चापट्या मारल्या. मध्ये एकदा मी डोळे मिटले ते रागाने. तेव्हा दोन मारल्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी पायावर दाताची खूण शोधली, मग ती ट्यूब जपून सैल करत करत कापली, मग मी काय म्हणतो ते शांतपणे ऐकलं. ऐकणारं पहिलं माणूस. ऐकून त्या म्हणाल्या, साप चावला असता तरी असं आवळून बांधायचं नसतं, आणि नसताना तर मुळीच नाही. तरी दुपारपर्यंत त्यांनी मला खाटेवर ठेवलं, कारण दूधवाला दारात बसून होता आणि खूण सापडली नाही म्हणजे साप बारीक असेल असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

बातमी माझ्या आधी सगळीकडे पोचली. बायको आली तेव्हा रडून डोळे सुजलेले. खरं कळल्यावर ते तसेच सुजलेले राहिले, फक्त त्यातली माया गेली. नवरदेवाकडून फोन आला, मुहूर्त पुढे ढकलायचा का? अक्का आणि संग्रामपूरचा भाऊ गाडी करून आले. अक्काने माझ्या गालावरचे वळ पाहिले, पायावरचा ट्यूबचा काळा पट्टा पाहिला आणि निकाल दिला. उचलायचं काम संग्रामपूरकडे. मी अक्षता टाकायच्या. खाटेवर पडलेल्या माणसाला मत नसतं.

धाकटी संध्याकाळी एकटी आली. पाय दाबून पाहिला, बोटं हलवायला लावली, टाचेला गुदगुल्या केल्या. पाय ठीक आहे हे पक्कं झाल्यावरच रागावली.

"तुले म्हटलं होतं ना, मी असल्याशिवाय नाही?"

"हाव."

"पाय गेला असता तर? मले उचलायले कोन आलं असतं, पाय घेऊन?"

मी म्हटलं, संग्रामपूरचा उचलेल, चांगला आहे तो, माझ्यापेक्षा चांगलाच नेईल. पट्ट्याची बॅग तिच्या खांद्याला होती. ती तशीच घेऊन गेली.

लग्नाच्या दिवशी शेगावात ऊन असं की हॉलबाहेरच्या फेटेवाल्यांनी स्वतःचे फेटे काढून ठेवले होते. मी नवा सदरा घालून पंख्याखाली बसलो होतो. मुहूर्ताला थोडा वेळ असताना मोठी भाची आली आणि म्हणाली, मामा, तुले नवरीच्या खोलीत बोलावलं, अर्जंट. गेलो. धाकटी शालू, मुंडावळ्या, कोपरापर्यंत मेंदी, अशी पाटावर बसली होती आणि तिच्या मांडीवर तो काळा पट्टा.

"बस," ती म्हणाली. "पॅन्ट वर कर."

मी दाराकडे पाहिलं. कडी मोठीने लावली. मी खुर्चीवर बसलो आणि त्या हिरव्या बांगड्यांच्या हाताने माझ्या मांडीला पट्टा आवळला गेला. फुगा दाबला की बांगड्या वाजायच्या. बाहेर गुरुजी माइकवर नवरीला बोलवत होते. तेवढ्यात मला एक आवाज आला, अगदी बारीक. सूं. नळीला कुठेतरी चीर गेली होती. काटा वर चढायचा आणि आपला सावकाश खाली येऊन बसायचा. पाय ना जड होत होता, ना रंग उडत होता. ती खाली मान घालून पंप मारत होती. मी छताकडे पाहत होतो.

"लागलं का आवळायले?"

"लय," मी म्हटलं.

दारावर थाप पडली. मोठीने कडी काढली, तर अक्का. तिने नवरी पाहिली, माझी उघडी मांडी पाहिली, पंप पाहिला. माझ्या मनात आलं, झालं, आता हिच्या तोंडून काय निघतं कोण जाणे. अक्काने खांद्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "मेंदी सांभाळ," आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा संग्रामपूरचा भाऊ बाह्या सरसावून उभा होता. अक्का त्याच्या कानात काहीतरी बोलली. त्याने बाह्या खाली घेतल्या आणि बटणं लावली.

मी उचललं. ती गव्हासारखी नव्हती. गहू निदान गप्प असतो. ती कानात म्हणाली, गुडघ्यात वाक, पाठीत नको, श्वास सोड, श्वास सोड म्हटलं ना. बँडवाल्यांनी सुरू केलं. दोन्हीकडे माणसं, मध्ये लाल पट्टी, लांब तिकडे बोहलं. निम्म्यात पोचलो आणि हात थरथरू लागले. मांडीतलं शहाणपण संपलं होतं. तसं ते नव्हतंच. आणि तेव्हा कॅमेरावाला उलटा चालत समोर आला आणि हात वर करून म्हणाला, मामाजी, फोकस गेला, जरा मागे जाऊन परत या, स्लो.

मला त्या माणसाबद्दल काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. मी थांबलो. आणखी थांबलो असतो तर खालीच बसलो असतो. माझ्या हातांवरून, मुंडावळ्यांच्या आडून, नवरी बोलली.

"भाऊ, याच्यात रिटेक नाही. सरक."

तो सरकला. मी चाललो. बोहल्याच्या पायऱ्यांपाशी आल्यावर आठवलं की अंगणात पायऱ्या नव्हत्या. पहिली चढलो. दुसरीवर पाय टेकला आणि वर उठेना. तेव्हा पाठीला, कमरेच्या जरा वर, एक भला मोठा पंजा लागला आणि तिथेच राहिला. मी वर गेलो. व्हिडिओत तो पंजा दिसत नाही. कॅमेरावाला रुसून जेवणाच्या पंगतीचं शूटिंग करायला गेला होता.

तिला पाटावर ठेवलं. ठेवलं म्हणतो, म्हणजे अदबीनेच. तिने वर पाहिलं आणि ताईकडे पाहिलं. ताईने नाक पुसलं. मंगलाष्टकं झाली, मी मागे उभा राहिलो, पण महत्त्वाचा चेहरा काही जमला नाही, कारण हात थांबेनात. नवरा-नवरीवर टाकलेल्या माझ्या सगळ्या अक्षता गुरुजींच्या डोक्यावर पडल्या. त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि आपली जागा बदलली.

पाठवणीच्या वेळी ती गाडीत बसली. रडून झालं होतं. काच खाली करून तिने मला बोलावलं.

"मामा, पट्ट्यातून हवा जाऊन राह्यली होती."

"मले माहीत होतं."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तू एवढी मनापासून पंप मारून राह्यली होती. आन् तुले माहीत होतं, तर तू काऊन मारत राह्यली?"

ती नवऱ्याकडे पाहून, त्याला काही कळणार नाही अशा बेताने, मला म्हणाली की तुझं नाव सैल पट्टावाल्यांत टाकते. गाडी निघाली.

दूधवाला लग्नाला आला होता. त्याला बोलवायला मी स्वतः गेलो होतो, शेवटी माणसाने माझा जीव वाचवायचा प्रयत्न केला होता. तो माझं उचलणं पाहून गेला आणि आता वडनेरात सगळीकडे सांगतो की भाऊंना आठवड्याआधी पान लागलं होतं, लिंबाचा पाला गोड लागत होता, तरी गड्याने भाचीला दोन हातांवर नेलं. मी पूर्वी त्याला दुरुस्त करायचो. आता करत नाही.

फक्त दूध टाकायला आला की तो रोज विचारतो, भाऊ, तब्येत कशी आहे. आणि मी माझ्या हातातला कारल्याचा पेला मागे लपवतो.